चौथा नंबर

आमच्या कॉलेजच्या जिमखान्याबाहेरच्या व्हरांड्यात एक लांबलचक लाकडी फलक आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आमच्या विद्यार्थ्यांनी मिळवलेले नंबर त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले असतात. साल, शर्यत, पहिला, दुसरा, तिसरा. रकाने एवढेच. चौथ्यासाठी फलकावर जागा नाही आणि ती असावी असे कुणाला कधी वाटल्याचे मला आठवत नाही. १९८४ च्या ओळीत क्रॉस कंट्रीपुढे एक आडवी रेघ ओढलेली आहे. ती रेघ म्हणजे मी.

ही गोष्ट मी इतकी वर्षे कुणाला सांगितली नव्हती. अर्थशास्त्राच्या तासाला कधी विषय निघालाच, तर "आम्हीही एके काळी धावत होतो बरं का," एवढे बोलून मी पुढे सरकत असे. मुले हसत. माझ्या आजच्या देहयष्टीकडे पाहून त्यांनी हसावे हे साहजिकच आहे. पण पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. आणि गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने मला असा एक प्रश्न विचारला की ही गोष्ट आता लिहूनच काढली पाहिजे असे मला वाटू लागले.

ती आमच्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खानापूरकडच्या एका खेड्यातून रोज एस. टी. ने येते. विद्यापीठाच्या स्पर्धेत पाच हजार मीटरला ती उतरली होती. साडेबारा फेऱ्यांची शर्यत. आठव्या फेरीपासून ती पुढे होती, म्हणे. शेवटच्या फेरीत तिघींनी तिला गाठले. ती चौथी आली. पहिल्या तिघींना प्रमाणपत्र. आणि खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागेसाठी तेच प्रमाणपत्र हवे. तिच्या घरी एवढे कळायला वेळ लागला नाही. "पुरे झालं आता पळणं," असे वडील म्हणाले. ती माझ्याकडे आली ती जिमखान्याच्या यादीतून नाव काढण्याच्या अर्जावर सही घ्यायला. मी यंदा जिमखान्याचा कार्याध्यक्ष आहे.

सही घेऊन निघता निघता ती दारात थांबली आणि म्हणाली, "सर, मी इतक्या लवकर पुढं जायला नको होतं ना?"

अर्थशास्त्राचा मनुष्य धोका आणि लाभ यांची कोष्टके फळ्यावर भराभर मांडतो. त्या दिवशी मला एक वाक्यही सुचले नाही. "अर्ज राहू दे माझ्याकडं आठ दिवस," एवढे मी म्हणालो. ती गेली. आणि मला आठवला तो ओरेगॉनचा स्टीव्ह प्रीफाँटेन.

वाचकहो, हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. मलाही ते ठाऊक झाले ते एका अपमानाच्या रात्री.

१९८४ च्या ऑगस्टात लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचे कांस्यपदक हुकले. आमच्या वसतिगृहात त्या दिवशी जणू सुतक होते. मेसमध्ये आमटी वाढणारा बंड्यासुद्धा "एवढ्याशानं कसं गेलं हो?" म्हणून विचारत होता. रोमला १९६० साली मिल्खासिंगही चौथाच आला होता, हे कुणीतरी सांगितले आणि दुःखाला इतिहासाची जोड मिळाली. मला मात्र त्या दुःखाने भलतेच स्फुरण चढले. मी पहाटे उठून किल्ल्याच्या तळ्याला चकरा मारू लागलो.

मी मूळचा खेड्यातला. शाळा तीन मैलांवर. वाटेत एक ओढा आणि एक चढ. उशीर झाला की हेडमास्तरांची छडी ठरलेली, म्हणून आम्ही धावत जात असू. त्या छडीने मला जे शिकवले, ते कुठल्याही प्रशिक्षकाने शिकवले नसते. थंडीत आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री ठरली तेव्हा आमच्या कॉलेजची सगळी आशा माझ्यावर होती. माझी स्वतःचीही होती. पण मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, तेव्हा तिला हिशेबाची वेसण होती.

हिशेब असा. धारवाडकडचे दोघे जण माझ्यापेक्षा सरस आहेत हे मला माहीत होते. त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यांच्यामागून येणाऱ्यांत मी सर्वांत बरा. तेव्हा आपली शर्यत तिसऱ्या नंबरासाठी. पुढच्यांच्या नादी लागून दम घालवायचा नाही, अंतर राखून मागे राहायचे आणि तिसरा नंबर घरी आणायचा. फलकावर नाव येईल, प्रमाणपत्र मिळेल, आबांना दाखवता येईल. हा हिशेब मी आदल्या रात्री माझ्या खोलीसोबत्याला समजावून सांगितला. तो विजापूरकडचा, कन्नड भाषिक. त्याचे मराठी आमच्या खोलीत तयार झालेले. माझे कन्नडही तसेच. त्याने सगळे ऐकून घेतले आणि "हां, बराबर," म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

शर्यत माझ्या हिशेबाप्रमाणे झाली. धारवाडचे दोघे पुढे गेले, मी त्यांना जाऊ दिले. तांबड्या मातीची वाट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेते. मी तिसरा, आरामात तिसरा. शेवटचे दोनशे-अडीचशे पावलांचे अंतर राहिले असताना मागून पावलांचा आवाज आला. एक काटकुळा, सावळा मुलगा, अनवाणी, तोंड वासलेले, डोळे अर्धे मिटलेले, माझ्या खांद्याजवळून पुढे निघून गेला. माझ्या हिशेबात तो मुळी नव्हताच! मी वेग वाढवला. पण मघापासून सांभाळून धावायची सवय झालेले पाय एकाएकी माझे ऐकेनात. तो तिसरा आला आणि रेषेच्या पलीकडे जाऊन कोसळला. दोघांनी त्याला उचलून सावलीला नेले.

मी चौथा आलो. कोसळलो वगैरे काही नाही. माझा श्वास दोन मिनिटांत ठिकाणावर आला. मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पाणी प्यालो, सायकलीला टेकून उभा राहिलो आणि ओळखीच्या एकाशी बोललोदेखील. हीच ती गोष्ट, जी मी इतकी वर्षे लपवली. थोडक्यात नंबर हुकला हे मी सगळ्यांना सांगितले. अंगात बरेच बळ शिल्लक होते, हे कुणालाही सांगितले नाही.

रात्री खोलीवर आलो तर माझ्या कॉटवर एक जुनेपाने इंग्रजी मासिक उघडे करून ठेवलेले. खोलीसोबत्याचे मामा अमेरिकेत इंजिनियर होते. ते येताना खेळाच्या मासिकांचा गठ्ठा घेऊन आले होते. उघडलेल्या पानावर मिशीवाल्या एका तरुणाचा फोटो होता. रुंद छाती, विस्कटलेले केस, मान किंचित कलती.

"हा कोण?" मी विचारले.

"हापण चौथा आलेला," खोलीसोबती म्हणाला. "वाच की."

शब्दकोश घेऊन मी तो लेख तीन रात्री वाचला. पुढे जन्मभर, जिथे मिळेल तिथे, या माणसाबद्दल वाचत आलो.

स्टीव्ह प्रीफाँटेन २५ जानेवारी १९५१ रोजी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कूस बे या गावी जन्मला. पॅसिफिकच्या काठचे हे लाकडाच्या व्यापाराचे बंदर. वडील सुतारकाम आणि वेल्डिंग करणारे. आई जर्मन, महायुद्धानंतर लग्न होऊन अमेरिकेत आलेली, शिवणकाम करणारी. अशा गावात मुलाने फुटबॉल खेळावा अशी रीत. हा अंगाने लहान, त्यामुळे बहुतेक वेळ बाकावर बसून. मैदानाकडेने शाळेची क्रॉस कंट्रीची मुले रोज धावत जाताना त्याने पाहिली आणि तो त्यांच्यात गेला. पहिल्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत तो ५३ वा आला. १९६९ साली, शाळेच्या शेवटच्या वर्षी, दोन मैलांचे अंतर त्याने ८ मिनिटे ४१.५ सेकंदांत तोडले. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचा तो राष्ट्रीय विक्रम होता. ५३ पासून पहिल्यापर्यंतची ही वाट त्याने चार वर्षांत कापली.

मग तो यूजीन गावातल्या ओरेगॉन विद्यापीठात गेला. तिथले प्रशिक्षक बिल बॉवरमन हे एक वेगळेच प्रकरण होते. १९६२ साली ते न्यूझीलंडला गेले होते. तिथे आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाच्या सहवासात साधीसुधी, पोक्त माणसे रोज सावकाश धावताना त्यांनी पाहिली. परत येऊन त्यांनी ते वेड आपल्या गावाला लावले. सकाळी फिरायला जाणारे आजचे आमचे सहकारी ज्याला जॉगिंग म्हणतात, ते अमेरिकेत फोफावण्यात या गृहस्थांचा मोठा वाटा. धावपटूंचे बूट हलके असावेत म्हणून त्यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातला वॅफल भाजायचा साचा उचलला आणि त्यात रबर ओतले. भांडे वाया गेले; पण त्यातून जो तळवा निघाला, त्यावर त्यांच्या आणि त्यांचा जुना विद्यार्थी फिल नाइट याच्या कंपनीने पुढे मोठा जम बसवला. तीच आजची नायकी. दुसरे प्रशिक्षक बिल डेलिंजर. ते स्वतः १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरला तिसरे आले होते.

अशा दोघा गुरूंच्या हाती हा मुलगा पडला. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तीन मैल अथवा ५००० मीटर ही शर्यत त्याने १९७० ते १९७३ अशी लागोपाठ चार वर्षे जिंकली. क्रॉस कंट्रीचे राष्ट्रीय विजेतेपद तीनदा मिळवले. यूजीनच्या हेवर्ड फील्ड या मैदानावर मैलापेक्षा लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो कधी हरला नाही. लोक त्याला 'प्री' म्हणत आणि आपल्याकडे कुस्तीच्या फडाला जमते तशी त्याच्या शर्यतीला गर्दी जमे. एकोणिसाव्या वर्षी, १९७० साली, अमेरिकेतल्या नामांकित क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला.

लोकांना त्याचे इतके वेड का, याचे कारण त्याच्या धावण्याच्या रीतीत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक जुना शहाणपणा आहे. पुढे धावणारा वारा अंगावर घेतो, वेग ठरवण्याची काळजी वाहतो. मागचा त्याच्या आडोशाने येतो आणि शेवटच्या फेरीत साठवलेले बळ काढून पुढे निघतो. नियमात बसणारी, पूर्वापार चालत आलेली युक्ती आहे ही. प्रीला ती मनापासून नापसंत होती. पहिल्यापासून पुढे व्हायचे, वेग असा ठेवायचा की मागच्यांना साठवायला काही उरूच नये, आणि मग कुणात किती दम आहे ते पाहायचे, असा त्याचा खाक्या. तो त्याबद्दल बढाईखोरपणे बोलतही असे. विनय हा त्याचा गुण नव्हता.

१९७२ साली यूजीनलाच झालेली ऑलिंपिकची निवड शर्यत त्याने १३ मिनिटे २२.८ सेकंदांत, नव्या अमेरिकन विक्रमासह, जिंकली आणि तो म्युनिकला गेला. वय २१.

त्या ऑलिंपिकवर काळी छाया पडली. ५ सप्टेंबरच्या पहाटे पॅलेस्टिनी दहशतवादी इस्रायलच्या निवासात घुसले. इस्रायलच्या पथकातले ११ जण मारले गेले. खेळ थांबले, शोकसभा झाली आणि एका दिवसाने उरलेल्या शर्यती पुढे ढकलल्या गेल्या. ज्या मुलांना आयुष्यातली सर्वांत मोठी शर्यत धावायची होती, त्यांनी ते दिवस त्याच क्रीडाग्रामात काढले.

५००० मीटरची अंतिम शर्यत १० सप्टेंबरला झाली. फिनलंडचा लासे विरेन त्यात होता. आठवड्यापूर्वी १०,००० मीटरमध्ये तो मधेच पडला होता आणि उठून जागतिक विक्रमासह जिंकला होता. ट्युनिशियाचा महंमद गमूदी होता, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधला याच अंतराचा विजेता. ब्रिटनचा इयन स्टुअर्ट होता. प्रीने आपला बेत आधीच जाहीर करून टाकला होता: शेवटचा मैल चार मिनिटांच्या आसपास पळायचा, म्हणजे ज्यांची भिस्त अखेरच्या दौडीवर आहे त्यांच्या पायांत तोवर काही शिल्लक राहणार नाही.

ही शर्यत मी पुष्कळ वर्षांनी मुलाच्या संगणकावर पाहिली. सुरुवातीच्या फेऱ्या संथ. सगळे एकमेकांकडे पाहत धावताहेत. मग चार फेऱ्या उरल्या असताना तो मिशीवाला पोरगा पुढे येतो आणि सगळी शर्यत ताणली जाते. एकेक जण मागे गळत जातो. शेवटच्या फेरीत विरेन आणि गमूदी पुढे. प्री बाहेरच्या अंगाने पुन्हा जोर करतो. जमत नाही. पुन्हा करतो. दुसरा किंवा तिसरा नंबर सांभाळावा असे त्याच्या मनात आलेले दिसत नाही. सरळ रस्ता लागतो आणि त्याचे पाय जड होतात. अगदी शेवटच्या थोड्या पावलांत स्टुअर्ट मागून येऊन त्याला ओलांडतो. विरेन १३ मिनिटे २६.४ सेकंद, गमूदी २७.४, स्टुअर्ट २७.६, प्रीफाँटेन २८.४. पदक आठ दशांश सेकंदांनी गेले.

ती दौड मी पाहिली तेव्हा मला माझ्या खांद्याजवळून गेलेला तो अनवाणी मुलगा आठवला. मागून येऊन तिसरा नंबर घेण्यापुरता तो स्टुअर्टसारखा. पण रेषेपलीकडे कोसळण्यात तो प्रीचा भाऊ होता. मी दोघांतला कुणीच नव्हतो.

खोलीसोबत्याशी माझा या गोष्टीवरून मोठा वाद झाला होता. मी म्हणत होतो, "हा मूर्खपणा आहे. थोडं सांभाळून धावला असता तर कांस्यपदक नक्की होतं."

तो म्हणाला, "बिडो मारया! तू सांभाळूनच धावला ना आज? तुला काय मिळालं?"

मला राग आला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच चहा आणला. मैत्री टिकली, पण प्रश्न तसाच राहिला. आणि तो प्रश्न तितका सोपा नाही हे मला पुढे कळले. कारण विरेन. विरेन मागे राहिला, थांबला, वेळ साधून पुढे गेला. त्याला भित्रा म्हणण्याची कुणाची छाती आहे? चार वर्षांनी माँट्रियलला त्याने दोन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या. तेव्हा मागे थांबणे ही चूक नव्हे. विरेन जिंकण्यासाठी थांबला होता. मी थांबलो होतो ते तिसऱ्या नंबरापलीकडे काही मागण्याची हिंमत नव्हती म्हणून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आत काय आहे ते धावणाऱ्यालाच ठाऊक.

म्युनिकनंतर प्री खचला होता. पण पुन्हा उभा राहिला. त्या काळी ऑलिंपिकला हौशी खेळाडूच चालत. धावण्याबद्दल उघडपणे पैसे घेतले की ऑलिंपिकचे दार बंद. मोठ्या देशाचा पहिल्या प्रतीचा धावपटू, पण राहायला नदीकाठी चाकांवरचे एक पत्र्याचे घर. पोटासाठी तो बारमध्ये पेले भरत असे आणि सरकारी शिधापत्रिकेवर धान्य आणत असे. धंदेवाईक शर्यतींचा दोन लाख डॉलरचा करार समोर आला, तो त्याने माँट्रियलच्या ओढीने नाकारला. मात्र मुकाट्याने बसला नाही. खेळाडूंना कुठे धावावे आणि कुठे नाही हे सांगणाऱ्या, पण त्यांच्या जेवणाची फिकीर नसणाऱ्या हौशी क्रीडासंघाशी तो उघड भांडला. फिनलंडच्या खेळाडूंना बोलावून त्याने स्वतः शर्यतींचा दौरा आखला. ओरेगॉनच्या तुरुंगातल्या कैद्यांना तो धावायला शिकवायला जात असे, हेही मला पुढे वाचायला मिळाले. १९७८ साली अमेरिकेच्या संसदेने हौशी खेळांचा नवा कायदा केला आणि त्या संघाची जुनी सत्ता गेली. ते पाहायला मात्र तो नव्हता.

२९ मे १९७५ च्या संध्याकाळी हेवर्ड फील्डवर त्याने ५००० मीटरची शर्यत १३ मिनिटे २३.८ सेकंदांत जिंकली. म्युनिकचा मॅरेथॉन विजेता फ्रँक शॉर्टर त्यात मागे पडला. रात्री मेजवानी झाली. शॉर्टरला घरी सोडून प्री परत निघाला. मध्यरात्र उलटून गेली होती. टेकडीवरच्या एका वळणावर त्याची छोटी मोटार खडकावर आदळून उलटली आणि तो खाली सापडला. वय २४. त्याच्या रक्तात मर्यादेपेक्षा अधिक मद्य आढळले, असे पोलिसांनी नोंदवले. त्याच्या काही स्नेह्यांना ते मान्य नव्हते. मी ही गोष्ट गाळत नाही. ज्याच्याबद्दल प्रेम वाटते त्याच्या आयुष्यातली अडचणीची पाने फाडून टाकायची खोड आपल्याला आहे. त्या रात्री त्याने गाडी चालवायला नको होती, एवढे तर कुणीही म्हणेल. जिवावर उदार होऊन धावणे निराळे आणि जिवाशी खेळणे निराळे. माझ्या विद्यार्थ्यांनी या दोहोंत गल्लत करू नये.

तो गेला तेव्हा २००० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंतच्या लांब पल्ल्यांचे सगळे अमेरिकन विक्रम त्याच्या नावावर होते. १०,००० चा २७ मिनिटे ४३.६ सेकंदांचा. ऑलिंपिक पदक मात्र एकही नव्हते. त्याच्या नावाची मोठी स्पर्धा यूजीनला भरू लागली. १९९७ आणि १९९८ साली लागोपाठ दोन चित्रपट त्याच्यावर निघाले. आणि त्या वळणावर, त्या खडकापाशी, दूरदूरचे धावपटू येतात आणि आपले बूट, आपल्या छातीवरचे क्रमांक, आपली पदके तिथे ठेवून जातात. ज्याला पदक मिळाले नाही त्याच्यापाशी लोक आपली पदके ठेवतात! हे वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आपल्या बेळगावचेही एक उदाहरण आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले आपल्या बेळगावचे. ते एकोणिसावे आले होते. त्या काळी साता समुद्रापलीकडे जाऊन ४२ किलोमीटर धावलेला आपल्या मातीतला मनुष्य; पण आपल्या कितीजणांना त्यांचे नाव ठाऊक आहे? एकोणिसाव्याचा रकाना तर कुठल्याच फलकावर नसतो.

आठ दिवसांनी ती मुलगी आली. मी तिला हे सगळे सांगितले. प्रीचे सांगितले, विरेनचे सांगितले. आणि मग, खुर्चीत जरा सावरून बसून, माझेही सांगितले. चालत जाऊन पाणी प्यालो त्यासह. तिच्यापाशी मी हे कबूल करावे की नाही यावर मी रात्रभर विचार केला होता. तिच्या नुकसानीला माझ्या गोष्टीने भरपाई होत नव्हती, हे मला दिसत होते. प्रमाणपत्र गेले ते गेलेच. राखीव जागेसाठी तिला आणखी एक वर्ष थांबावे लागेल आणि तिच्या घरी एक वर्ष ही लहान गोष्ट नाही. 'पुढे गेलीस ते बरेच केलेस' असे मी आरामखुर्चीतून म्हणणे सोपे आहे, एस. टी. चे भाडे तिचे वडील भरतात. म्हणून मी तसे काही म्हणालो नाही. एवढेच म्हणालो, "तुला विचारलं की चौथी का आलीस, तर तुझ्यापाशी उत्तर आहे. माझ्यापाशी चाळीस वर्षं नव्हतं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मग सर, तुम्ही परत का नाही धावला?"

हा प्रश्न खोलीसोबत्यानेही विचारला नव्हता. पुढच्या वर्षी स्पर्धा होती. माझे पाय शाबूत होते. मी परीक्षेचे कारण सांगितले होते आणि सर्वांनी ते मानले होते. मला उत्तर देता आले नाही. प्री म्युनिकहून परत आला आणि पुन्हा धावला, हे मी तिला मघाच मोठ्या तोंडाने सांगितले होते. तिने ते नीट ऐकले होते एवढाच याचा अर्थ.

"अर्ज परत देता का सर?" ती म्हणाली.

मी टेबलाच्या खणातून अर्ज काढून दिला. तिने तो चौपदरी घडी करून वहीत ठेवला. फाडला नाही. व्यवहारी मुलगी आहे. "बाबांशी बोलते," म्हणाली. "तुम्ही एकदा येशीला का घरी?"

"येतो की."

दारातून मागे वळून ती म्हणाली, "पण सर, आठव्या फेरीला जरा लवकरच झालं. या वेळेला दहाव्या फेरीपर्यंत थांबते. मग जाते पुढं."

त्या रविवारी मी खानापूरच्या एस. टी. त बसलो. खोलीसोबती आता हुबळीला असतो, बँकेतून निवृत्त झाला आहे. वाटेत त्याला फोन लावून सगळे सांगितले. तो आधी खूप हसला आणि मग म्हणाला, "बराबर बोलली पोरगी. हे लिही की तुमच्या अंकात." आमच्या अंकाच्या कन्नड विभागासाठी हीच गोष्ट आपल्या बाजूने लिहून पाठवतो असे त्याने कबूल केले आहे. त्यात माझ्या हिशेबाची तो कशी टर उडवतो, ते कन्नड वाचणाऱ्यांनी मला सांगावे. मी स्वतः तो मजकूर वाचणारच आहे; पण थोडे सांभाळून.